ज्ञानमार्गी व्हॅलेंटिनस

गीताजयंतीच्या मागेपुढेच नाताळ येतो. या पर्वकाळी ख्रिस्ती परंपरेतील एका विस्मृत ज्ञानमार्गीयाचे आम्ही स्मरण करतो.

इजिप्तमध्ये जन्मलेला व्हॅलेंटिनस अलेक्झांड्रियात विद्या संपादून इ. स. १४०च्या सुमारास रोमला आला. बंधाचे मूळ अज्ञान असून परमपित्याच्या ज्ञानानेच जीव मुक्त होतो, असे तो शिकवी. इ. स. १८०च्या सुमारास लियोंच्या आयरेनियस आचार्यांनी त्याच्या पंथास पाखंड ठरवून खंडन केले. त्याचे ग्रंथ लोपले. चार्वाकाप्रमाणे तोही बहुतांशी विरोधकांच्या लेखणीतूनच उरला.

पुढे १९४५ साली इजिप्तमध्येच, नाग हम्मादीजवळ, मातीच्या रांजणात पुरलेल्या पोथ्या सापडल्या. त्यांतील ‘सत्याचे शुभवर्तमान’ त्याचेच असावे, असे अनेक पंडित मानतात. खंडनापूर्वी ज्याचे मत त्याच्याच मुखाने ऐकावे, हा बोध आम्ही त्याच्या चरित्रातून घेतो.