राष्ट्रसंत तुकडोजी महाराज : गावोगावची वाट आणि मोझरीचे घर



आपल्या गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार सर्वांच्या हातभाराने पुरा झाला. कोणी रोख रक्कम दिली, कोणी सिमेंटची पोती दिली, कोणी आपल्या ट्रॅक्टरने रेती आणून टाकली, तर ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नव्हते त्याने चार दिवसांची मजुरी देवाच्या पायी वाहिली. त्या सर्वांची नावे व जमाखर्च या स्मरणिकेत अन्यत्र दिलाच आहे. मंदिराच्या पुस्तिकेत देवाचे माहात्म्य असावे हे योग्यच. पण ज्या पुरुषाने आपले सारे आयुष्य आपल्या वऱ्हाडातील खेड्यांच्या पारावर भजन करण्यात घालविले, त्याचे चरित्र येथे नसावे हे बरे दिसले नसते. म्हणून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा हा अल्पसा परिचय. त्यांना आपण संत म्हणून ओळखतो. येथे मात्र गाणारा, वाजविणारा आणि सतत वाटेवर असणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहावयाचे आहे.

महाराजांचा जन्म 30 एप्रिल 1909 रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. पाळण्यातले नाव माणिक. वडील बंडोजी आणि आई मंजुळाबाई. घरची स्थिती अत्यंत गरिबीची. शाळा जेमतेम प्राथमिक इयत्तांपर्यंत झाली आणि तेथेच थांबली. परंतु मुलाच्या गळ्यात सूर होता आणि कानात भजन होते. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. त्यांच्याच सहवासात माणिकाचा तुकड्या झाला आणि पुढे लोकांनी आदराने त्याचे तुकडोजी केले. गुरूंच्या पश्चात या मुलाचे मन घरात रमले नाही. रामटेक, सालबर्डी, चिमूरकडील रामदिघी आणि गोंदोडा या रानावनांत त्यांनी तरुणपणाची वर्षे काढली. तेव्हापासून जे घर सुटले ते सुटलेच. पुढे त्यांनी संसार मांडला नाही. मायबापाच्या घरी मूल फिरस्ते निघणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरचे मूल दूर गेले आहे त्यालाच ठाऊक. संतचरित्रे वाचताना या गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

त्यांचे वाद्य म्हणजे खंजिरी. एका लाकडी कड्यावर ताणलेले कातडे आणि कड्याच्या खाचांत बसविलेल्या लहान झांजा, एवढाच तिचा संसार. पेटी न्यावयाची तर एक माणूस लागतो, तबला लावावयाचा तर हातोडी आणि वेळ लागतो, तंबोऱ्याला तर लेकरासारखे जपावे लागते. खंजिरी मात्र पडशीत मावते, पायी चालणाऱ्याला ओझे होत नाही, आणि गाणारा स्वतःच तिच्यावर ठेका धरू शकतो. पावसाळी हवेत कातडे ढिले पडले तर शेकोटीवर जरा शेकावे, म्हणजे पुन्हा आवाज देते. गोसावी, फकीर, भिक्षेकरी यांच्या हातातले हे गरिबाचे वाद्य. महाराजांनी ते हाती घेतले आणि त्याच्या बळावर हजारोंच्या सभा जागेवर खिळवून ठेवल्या. बोटांची चपळाई अशी की एकट्या खंजिरीतून पखवाजाचा घुमारा आणि टाळांचा नाद असे दोन्ही उठावे. त्यांच्यामुळे खंजिरी भजन हा एक स्वतंत्र प्रकारच वऱ्हाडात रूढ झाला. आज आपल्या जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, भजनी मंडळांत जी खंजिरी वाजते तिच्यावर त्यांचीच छाया आहे.

फिरत्या गायकाचा दिवस कसा जातो, याची कल्पना आज मोटारीने तासाभरात तालुक्याला जाऊन येणाऱ्या आपल्या मुलांना यावयाची नाही. त्या काळी मुंबई-नागपूर लोहमार्गावरील स्टेशनापासून खेडे आठ-दहा कोस आत असावयाचे. पुढे बैलगाडी, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतले म्हणजे पायीच. ज्या गावी मुक्काम, तेथील पाणी, तेथीलच भाकर आणि बेसन. रात्री भजन असले म्हणजे ते वेळेवर सुरू झाले तरी संपण्याला वेळ नाही, कारण शेतकरी दिवसभर कपाशीत किंवा ज्वारीत राबून, जेवण उरकून मग पारावर येणार. गळा थकला तरी लोक उठत नाहीत, आणि लोक उठत नाहीत तोवर गाणाऱ्यालाही उठता येत नाही. पुन्हा पहाटे उठावयाचे आहेच.

महाराजांच्या दिनक्रमाचे विशेष ते येथेच. रात्री गाणे करून दिवस चढेपर्यंत झोपावे, हा कलावंताचा रिवाज त्यांनी पाळला नाही. पहाटे सामुदायिक ध्यान आणि सूर्यास्ताच्या वेळी सामुदायिक प्रार्थना, ही दोन टोके त्यांनी दिवसाला बांधून दिली. त्यांच्यामध्ये गावफेरी, ग्रामसफाई, आलेल्या लोकांची सुखदुःखे, भांडणांची तडजोड आणि मिळेल त्या वेळात लेखन. गावात आल्यावर झाडू हाती घ्यावयाचा आणि मग खंजिरी, असा हा क्रम होता. ज्या गावाच्या वाटेवर घाण आहे त्या गावच्या देवळात सुंदर भजन झाले तरी ते अर्धेच झाले, अशी त्यांची समजूत होती. भजनातही केवळ देवाचे वर्णन नसे. दारू सोडा, कर्ज काढून लग्ने करू नका, मुलींना शिकवा, शिवाशिव पाळू नका, हे सारे ते चालीवर बसवून सांगत. रोजच्या बोलीतली मराठी आणि सोपी हिंदी अशा दोन्ही भाषांत त्यांनी हजारो भजने रचली. त्यामुळे शेतकऱ्यालाही ती कळत आणि मध्यप्रांताच्या हिंदी मुलखातही ती अडत नसत.

1935 साली सालबर्डीला त्यांच्या पुढाकाराने मोठा यज्ञ झाला. लाखो लोक जमले, आणि हा तरुण भजनकार साऱ्या मध्यप्रांत-वऱ्हाडात ठाऊक झाला. त्याच वर्षी नागपूर-अमरावती रस्त्यावर मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. ज्याला घर नव्हते त्याला असे घर मिळाले. पण ते घर तरी कसले! सतत माणसांचा राबता असलेली ती एक कार्यशाळाच होती. शिक्षण, औषधोपचार, छापखाना, प्रचारकांची तयारी आणि श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखांचा पत्रव्यवहार, असा तेथला प्रपंच. दौऱ्यावरून परत यावे तो पुढच्या दौऱ्याची निमंत्रणे वाट पाहत असावयाची. संसारी माणूस थकून घरी येतो आणि दार लावून घेतो. महाराजांच्या घराला लावून घेण्याजोगे दार नव्हते, असे म्हटले तरी चालेल.

1936 साली महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला गेले आणि तेथे सुमारे महिनाभर राहिले. गांधीजींच्या सान्निध्यात त्यांच्या भजनाला देशकार्याची दिशा अधिक स्पष्टपणे लाभली. 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी येथे जनतेचा उठाव झाला. त्या भागात महाराजांच्या भजनांनी लोकांची मने आधीच पेटलेली होती. सरकारने त्यांना ऑगस्ट अखेरीस चंद्रपूर येथे अटक केली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांची सुटका झाली. हाती शस्त्र नाही, फक्त खंजिरी. तरी सरकारला तिची भीती वाटली. एका साध्या वाद्याचा याहून मोठा गौरव कोणता?

स्वातंत्र्यानंतर त्यांचा मार्ग थांबला नाही, उलट लांबला. देशाचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले. 1955 साली जपानमध्ये विश्वधर्म परिषद भरली, तेथे भारतातून तेही गेले आणि त्याच खंजिरीवर तेथेही भजन केले. यावलीच्या गरीब घरातून निघालेली वाट अशी समुद्रापलीकडे पोहोचली. 1956 साली भारत साधु समाजाची स्थापना झाली, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. चीनच्या आक्रमणाच्या वेळी 1962 मध्ये आणि पुढे 1965 च्या युद्धाच्या वेळी ते सीमेवर जाऊन जवानांपुढे गायिले. परंतु परदेशाहून वा सीमेवरून परत आले की पुन्हा तेच खेडे, तोच पार आणि तीच कंदिलाच्या उजेडातली माणसे.

याच भ्रमंतीत पाहिलेल्या हजारो गावांचे सार म्हणजे त्यांची ग्रामगीता. 41 अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ 1955 साली प्रसिद्ध झाला. तो त्यांनी कोणा राजाला, धनिकाला किंवा पुढाऱ्याला अर्पण केला नाही. ग्रामनाथाला, म्हणजे गावरूपी देवाला अर्पण केला. गावचे आरोग्य, शिक्षण, श्रम, स्त्रियांची उन्नती, लग्नकार्य, अंत्यसंस्कार यांचा विचार त्यात आहेच. त्याबरोबर सण-उत्सव, यात्रा, देवमंदिर आणि भजन यांचेही विवेचन आहे. आपल्यासारख्या जीर्णोद्धार करणाऱ्या गावाने तो भाग अवश्य वाचावा. मंदिर ही गावाची एकत्र बसण्याची, शिकण्याची आणि एकमेकांची विचारपूस करण्याची जागा व्हावी, आणि तिचे दार कोणत्याही जातीच्या माणसाला बंद नसावे, हा त्यांचा आग्रह होता. सामुदायिक प्रार्थनेत सर्व जातिधर्मांच्या लोकांनी एका ओळीत, शिस्तीने, लहानमोठेपणा विसरून बसावे, ही पद्धत त्यांनी घालून दिली ती याच हेतूने. तो काळ असा होता की पुष्कळ गावांत काही माणसे भजन ऐकण्यास येत, पण पाराच्या खाली, लांब उभी राहत. गाणाऱ्याला वरून ती दिसत असत. महाराजांना ते सहन होत नसे, आणि ते तसे भजनातूनच सांगत.

इतक्या फिरण्याने शरीर झिजले नसते तरच नवल. वेळी-अवेळी खाणे, जागरणे, धुळीचे रस्ते आणि रात्र-रात्र उघड्यावर गाणे यांचा जमाखर्च देहाच्या वहीत होतच असतो. अखेरीस कर्करोगाने त्यांना गाठले. 11 ऑक्टोबर 1968 रोजी, अश्विन वद्य पंचमीला, मोझरीच्या गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. त्यावेळी त्यांचे वय अवघे 59 वर्षांचे होते. जन्मभर वाटेवर राहिलेला हा पुरुष अखेरच्या क्षणी आपल्या घरी होता, एवढे समाधान मानावयाचे. आजही पुण्यतिथीला मोझरीस लाखो लोक जमतात, आणि सायंकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी सारा समुदाय जागच्या जागी उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो. ज्याने आयुष्यभर नादाने लोकांना जागविले त्याला लोक निःशब्द होऊन वंदन करतात, हे दृश्य एकदा तरी पाहावे असे आहे. भारत सरकारने 1993 साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले आणि 2005 साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

वाचकहो, हे चरित्र येथे देण्याचे प्रयोजन आता सांगितले पाहिजे. आपल्या मंदिराचे शिखर उंच झाले, फरशी नवी झाली, सभामंडपात पंखे लागले. पण संध्याकाळी त्या फरशीवर बसणार कोण? पूर्वी पडक्या देवळात, रॉकेलच्या दिव्यात, फाटक्या सतरंजीवर भजन रंगत असे. आता दिवे भरपूर आहेत, ध्वनिक्षेपकही आहे, आणि भजनी मंडळातली माणसे मात्र बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. ज्यांना ठेका धरता येतो ते वृद्ध झाले आणि तरुणांचे हात मोबाईलमध्ये गुंतले. तरुणांना दोष देऊन हे सुटणार नाही. त्यांना कोणी जवळ बसवून शिकविले का, हे आपण वडीलधाऱ्यांनी स्वतःला विचारावयाचे आहे. यंत्रावर लावलेले भजन गावाला ऐकू येते, पण गावाला एकत्र बसवीत नाही. ते काम माणसाच्या गळ्याचे आणि हाताचेच आहे.

महाराजांनी मोठी साधने मागितली नाहीत. एक कडे, एक कातडे, चार झांजा आणि चालण्याची तयारी एवढ्यावर त्यांनी केवढे काम केले ते आपण पाहिले. आपल्याजवळ तर आता बांधलेले मंदिर आहे. त्यात आठवड्यातून एक दिवस जरी सर्व वाड्यांतील, सर्व जातींची माणसे एका सतरंजीवर बसली, दोन-चार मुलांनी खंजिरी हाती घेतली आणि सकाळी मंदिरापुढची वाट सर्वांनी मिळून झाडली, तर देणगीदारांचा पैसा खऱ्या अर्थाने देवाला पोहोचला असे होईल. नाहीतर दगड नवा आणि गाव जुनाच, अशी आपली गत व्हावयाची.

ग्रामदैवताने आपल्या सर्वांना ती बुद्धी द्यावी, आणि या मंदिरात भजनाचा आवाज कधी खंडित न व्हावा, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना करून हा परिचय येथेच पुरा करतो.