एक्स-रे एक, मतं दोन!

एकाच एक्स-रेवर दोन डॉक्टरांची दोन मतं ऐकून तुम्ही कधी गोंधळलात? मग गेऑर्ग पर्थेस यांची गोष्ट तुम्हाला माहीत हवी.

१८६९ मध्ये जर्मनीतल्या मोर्स गावी जन्मलेले पर्थेस पुढे सर्जन झाले. ते सव्वीस वर्षांचे असताना राँटगेन यांना एक्स-रे सापडले. शरीर न कापता हाड दिसतं म्हटल्यावर हा तरुण डॉक्टर त्याच्या मागेच लागला. जर्मन सैन्याबरोबर चीनला गेला, तर तिथल्या बायकांच्या बांधून लहान केलेल्या पावलांचे एक्स-रे काढून आला!

त्या काळी लहान मूल लंगडायला लागलं, खुबा दुखायला लागला, की पहिला संशय क्षयाचा. पर्थेस यांना काही मुलांमध्ये वेगळंच दिसलं. मांडीच्या हाडाचं गोल डोकं चपटं होतंय, पण क्षयाची लक्षणं नाहीत. १९१० मध्ये त्यांनी हे मांडलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेत लेग आणि फ्रान्समध्ये काल्वे यांनीही हेच सांगितलं. स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉम यांनी तर वर्षभर आधीच असे एक्स-रे पाहिले होते. पण त्यांनी तो क्षयच मानला. म्हणून आजाराला नाव मिळालं ते बाकी तिघांचं. चित्र तेच, वाचन वेगळं!

आज आपल्याला कळलंय, की हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड मरतं आणि काही वर्षांत पुन्हा भरून येतं. प्रश्न एवढाच, की ते गोल भरेल की चपटं?

पर्थेस १९२७ मध्ये गेले, वाद मात्र राहिला. १९७१ मध्ये कॅटरॉल यांनी या एक्स-रेचे चार गट पाडले. पण तोच एक्स-रे दोन तज्ज्ञांना दाखवला, की गट बदलायचा. कधी कधी तर त्याच तज्ज्ञाने पुन्हा पाहिला तरी! १९९२ मध्ये हेरिंग यांनी सोपी युक्ती काढली: डोक्याच्या फक्त बाहेरच्या भागाची उंची किती उरलीय, तेवढंच बघा. एकमत वाढलं, तरी शंभर टक्के नाहीच.

आणि हा नुसता कागदावरचा वाद नाही. मुलाचं ऑपरेशन करायचं की वाट बघायची, हे बऱ्याचदा त्या गटावर ठरतं. तेव्हा घरात कुणी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं म्हटलं, तर त्याला अविश्वास समजू नका. आधीचे एक्स-रे तेवढे सोबत न्या.