गाडगे आणि खराटा

राजा सिंहासनावरून ओळखला जातो आणि पंडित ग्रंथांवरून. परंतु हातातील मातीच्या भांड्यावरून ज्यांचे नाव पडले असे महापुरुष विरळाच. संत गाडगेबाबा हे त्यांपैकी एक होत. भोपाळमध्ये राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना तर त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटावी. ज्या वऱ्हाडात बाबांचा जन्म झाला तो प्रदेश १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्यप्रदेशातच मोडत होता. त्याच दिवशी तो मुंबई राज्यात गेला आणि आमचे भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनाला बळी पडले आणि डेबूजी लहान असतानाच निवर्तले. तेव्हा आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी आल्या. तेथे मामाच्या घरी डेबूजी गुरे राखू लागले, पुढे नांगर धरू लागले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. परंतु सावकाराच्या कर्जापायी मामांची जमीन गेलेली त्यांनी पाहिली, आणि अक्षरशत्रू माणसाची कागदावर कशी फसगत होते हे त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्या काळी बारशासारख्या मंगल प्रसंगीही जातभाईंना दारू व मांसाचे जेवण देण्याची रूढी होती. डेबूजींनी आपल्या मुलीच्या बारशाला ती मोडली आणि सर्वांना गोडाचे जेवण वाढले. लोक रागावले, पण ज्या दारूने वडील नेले तिच्यापायी कर्ज काढण्यास हा तरुण तयार झाला नाही. नको ती खर्चिक रीत मोडण्याचे त्यांचे हे पहिले धैर्य होय.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र, डोक्यावर खापराचा तुकडा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, एका हातात खराटा व दुसऱ्या हातात मातीचे गाडगे असा त्यांचा वेष होता. या वेषाकडे विद्यार्थ्यांनी जरा बारकाईने पाहावे. चिंध्या, खापर, फुटकी बांगडी या लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू. त्यांनाच बाबांनी आपला संसार केला. गाडगे एकच. त्यात भाकरी घ्यावी, त्यातच पाणी प्यावे आणि तेच घेऊन पुढच्या गावाची वाट धरावी. लोक त्यांना गोधडेबाबा, चिंधेबाबा म्हणत; शेवटी गाडगेबाबा हेच नाव राहिले.

गावात शिरताच बाबा कोणाशी फारसे न बोलता रस्ते झाडू लागत, गटारे साफ करू लागत. जेवण हवे असेल तर आधी काम, हा त्यांचा नेम होता. फुकटचा घास त्यांना रुचत नसे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडायची! वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे पशू मारू नका, दारू पिऊ नका, कोणाला अस्पृश्य मानू नका, हा त्यांचा उपदेश असे. प्रसंगी ताट विकून भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलांना शाळेत घाला, असे ते कळवळून सांगत.

स्वतःसाठी एक गाडगे पुरे मानणाऱ्या या पुरुषाच्या शब्दावर लोकांनी लाखो रुपये दिले. त्यातून पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे घाट झाला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी या ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत दूरदूरच्या रुग्णांच्या नातलगांना आसरा मिळाला. मूर्तिजापूरला गाईगुरांसाठी गोरक्षण निघाले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. पंढरीच्या यात्रेत वाळवंट झाडणाऱ्या बाबांनी देवळात जाऊन देवदर्शनाचा आग्रह मात्र कधी धरला नाही. त्यांचा देव माणसांत होता.

१९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना त्यांना एकुलत्या एका मुलाच्या, गोविंदाच्या, मृत्यूची वार्ता कळली. बाबांनी दुःख गिळले आणि कीर्तन थांबवले नाही. सह्याद्रीपलीकडच्या आमच्या कोकणात ही गोष्ट ऐकत पुष्कळ मुले लहानाची मोठी झाली आहेत.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीच्या पुलाजवळ, प्रवासातच बाबांचे देहावसान झाले. डॉ. आंबेडकरांना जाऊन तेव्हा अवघे चौदा दिवस झाले होते. पुढे महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छता अभियानाला बाबांचे नाव दिले. अमरावतीच्या विद्यापीठालाही ते देण्यात आले.

बाबांचे स्मरण करताना आपण त्यांच्या खराट्याचा गौरव करतो, आणि गाडग्याचा मात्र विसर पडतो, असे आम्हास वाटते. खराटा झालेला कचरा दूर करतो. गाडगे कचरा होऊच देत नाही. बाबांचे कार्य या दोन्ही हातांनी चालले होते.

बाबा झाडीत तो कचरा तरी कसला होता? पालापाचोळा, शेण, राख, पळसाच्या उष्ट्या पत्रावळी आणि द्रोण. खड्ड्यात टाकले की चार महिन्यांत त्याची माती होई आणि ती शेतात जाई. बाबांनी घर सोडल्यावर दोनच वर्षांनी, १९०७ साली, अमेरिकेत लिओ बेकलंड यांनी बेकेलाईट हे पहिले पूर्णपणे कृत्रिम प्लास्टिक तयार केले. १९३३ साली इंग्लंडमध्ये पॉलिथीनचा शोध लागला. त्याची हातात धरायची पातळ पिशवी स्वीडनमध्ये निघाली ती १९६० नंतरच्या दशकात, म्हणजे बाबांच्या पश्चात. ही पिशवी कुजत नाही. तिचे फक्त बारीक बारीक तुकडे होत जातात आणि ते माती-पाण्यात मिसळतात. ती गटारे तुंबवते. भाजीची देठे बांधून फेकलेली पिशवी गाय गिळते आणि ती तिच्या पोटात साचून राहते. गाईंसाठी गोरक्षण काढणाऱ्या बाबांना हे पाहून काय वाटले असते?

आमच्या भोपाळला २०१७ च्या स्वच्छता सर्वेक्षणात देशात दुसरे स्थान मिळाले, याचा आम्हाला अभिमान आहे. तो मान पहाटे उठून झाडणाऱ्या सफाई कामगारांचा आहे. परंतु झाडलेला कचरा नाहीसा होत नसतो. शहराचा कचरा अनेक दशके भानपूरच्या खंतीत पडत असे. ती बंद झाल्यावर तो आदमपूरकडे जाऊ लागला. जागा बदलली, ढीग राहिला. राजा भोजाच्या नावाने ओळखला जाणारा आपला मोठा तलाव २००२ साली धाकट्या तलावासह जागतिक महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या यादीत आला. त्याचेच पाणी आपल्यापैकी अनेकांच्या घरी नळाने येते. काठावर फेकलेली पिशवी पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर त्याच पाण्यात उतरते.

१ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, नळ्या इत्यादी एकदाच वापरून फेकायच्या वस्तूंवर देशभर बंदी आली. कायद्याने दुकानदाराला दंड करता येतो. आपल्या हाताला सवय लावणे मात्र आपल्याकडेच राहते. बाजाराला निघताना कापडी पिशवी, शाळेत येताना धातूची बाटली व डबा, एवढे तरी प्रत्येकाला करता येईल. गणेशोत्सवाच्या महाप्रसादासाठी गल्लीने वर्गणी काढून स्टीलची ताटे-वाट्या एकदाच घ्याव्यात. त्या पुढे वर्षानुवर्षे चालतील.

यावर कोणी विचारील की, एवढी ताटे घासायची कोणी? प्रश्न योग्य आहे. फेकायची ताटली लोकप्रिय झाली ती बहुधा घरातील बायकांचे श्रम वाचतात म्हणूनच. ते श्रम पुन्हा त्यांच्याच माथी मारले तर ती सुधारणा नव्हे, अन्याय होईल. ज्याने ताटात जेवावे त्यानेच ते घासावे, मग तो मुलगा असो वा मुलगी, गुरुजी असोत वा अध्यक्ष. कामाशिवाय घास न घेणाऱ्या बाबांच्या शिकवणीत हे सहज बसते.

आमच्या शाळेत दरवर्षी २३ फेब्रुवारीस विद्यार्थी बाबांच्या तसबिरीला हार घालतात आणि हाती खराटे घेऊन पटांगण झाडतात. हा क्रम उत्तम आहे आणि तो चालू राहावा. मात्र झाडून झाल्यावर त्याच दिवशी प्रत्येक वर्गाने आपल्या टोपलीतील कचरा मोजावा, आणि पुढच्या वर्षी तो निम्म्यावर आणण्याचा संकल्प करावा. खराटा हलका व्हावा, हीच त्या गाडगेवाल्या सत्पुरुषाची खरी पूजा ठरेल.