पराभवानंतरची वाट

वैनगंगेच्या काठी वसलेला भंडारा जिल्हा हा तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात येथील बांध्या पाण्याने तुडुंब भरतात. पण वैशाखात हाच मुलूख उन्हाने होरपळून निघतो. १९५४ सालच्या अशाच एका उन्हाळ्यात, वयाने साठी ओलांडलेले व व्याधींनी जर्जर झालेले एक थोर गृहस्थ या जिल्ह्यात मतदारांपुढे कौल मागण्यासाठी उभे होते. संधिवाताने त्यांचे पाय दुखत, मधुमेहाने शरीर पोखरले होते आणि दृष्टीही मंदावत चालली होती. हे गृहस्थ म्हणजे भारतीय संविधानाचे शिल्पकार डॉ. भीमराव रामजी आंबेडकर होत. भंडाऱ्याच्या मतदारांनी त्या वेळी त्यांना निवडून दिले नाही. हा पराभव त्यांनी कसा सोसला आणि त्यानंतर उरलेल्या आयुष्याला त्यांनी कोणते वळण दिले, ते समजून घेण्यासारखे आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. कोकणातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. वडील रामजी हे सैन्यात सुभेदार होते. भीम लहान असतानाच आई भीमाबाईंचे छत्र हरपले. साताऱ्याच्या शाळेत अस्पृश्य म्हणून त्यांना इतर मुलांपासून दूर बसावे लागे. तहान लागली तरी पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. अशा अवहेलनेतून वाट काढीत १९०७ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांच्या समाजात ही गोष्ट त्या काळी इतकी दुर्मिळ होती की, त्यांच्या अभिनंदनासाठी मुंबईत सभा भरविण्यात आली. त्या प्रसंगी विद्वान लेखक कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. एका होतकरू मुलाला मिळालेली ती साधी भेट होती. परंतु त्या ग्रंथाने मनात रुजविलेले बीज पुढे अर्धशतकाने फळास आले.

पुढील शिक्षणासाठी भीमराव अमेरिकेत व नंतर इंग्लंडमध्ये गेले. कोलंबिया व लंडन या विद्यापीठांच्या उच्च पदव्या संपादून आणि बॅरिस्टर होऊन ते १९२३ साली स्वदेशी परतले. आपल्या विद्येचा उपयोग त्यांनी दलितांच्या उद्धारासाठी केला. २० मार्च १९२७ रोजी महाड येथील चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी माणसाचा पाण्यावरील हक्क बजाविला. १९३० साली नाशिक येथे काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह आरंभिला. लोक त्यांना आदराने बाबासाहेब म्हणू लागले.

सार्वजनिक जीवनात ते एकेक पायरी चढत असताना घरात मात्र दुःखांची रांग लागली होती. त्यांची चार अपत्ये बालपणीच दगावली; एकटे यशवंत वाचले. दारिद्र्याच्या दिवसांत संसाराचा भार वाहणाऱ्या पत्नी रमाबाई २७ मे १९३५ रोजी निवर्तल्या. या आघाताने बाबासाहेब काही काळ विरक्तासारखे राहिले. परंतु त्याच वर्षी १३ ऑक्टोबर रोजी येवले येथील परिषदेत, आपण हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असा निर्धार त्यांनी प्रकट केला. कोणता धर्म स्वीकारावयाचा, याचा निर्णय मात्र त्यांनी घाईने केला नाही. त्यासाठी त्यांनी पुढील वीस वर्षे अभ्यासात घालविली.

स्वातंत्र्यानंतर ते देशाचे पहिले कायदामंत्री झाले आणि संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले. यानंतरचा काळ मात्र त्यांच्यासाठी खडतर ठरला. स्त्रियांना वारसा व विवाह यांबाबत न्याय देणारे हिंदू संहिता विधेयक रखडले, तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईच्या मतदारांनी त्यांना नाकारले. त्याच वर्षी ते राज्यसभेवर निवडून आले, हे खरे. तथापि लोकांच्या प्रत्यक्ष मतांनी लोकसभेत जाण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली होती. म्हणून १९५४ साली भंडाऱ्याची पोटनिवडणूक जाहीर झाली, तेव्हा ते उमेदवार म्हणून पुढे आले. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्यप्रदेश राज्यात होता.

ही निवडणूक दोन जागांची होती. एक जागा सर्वसाधारण व दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते असत आणि ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यावयाची असत. बाबासाहेब राखीव जागेसाठी उभे होते. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे नेते अशोक मेहता उभे होते. अशा निवडणुकीत काही मतदार आपले एक मत हव्या त्या उमेदवाराला देत व दुसरे वाया घालवीत. यालाच मत कुजविणे असे म्हणत. आपली माणसे दुसऱ्यांना मते देतील, पण दुसऱ्यांची माणसे आपल्या नेत्याला मते देतीलच असे नाही, ही शंका बाबासाहेबांच्या कार्यकर्त्यांच्या मनात होती. म्हणून आपणही दुसरे मत कुजवावे, असे त्यांतील काहींनी सुचविले. बाबासाहेबांना हा सल्ला मानवला नाही, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. ज्याने संविधान रचून प्रत्येक माणसाच्या हाती मताचा अधिकार दिला, त्यानेच तो अधिकार मातीमोल करण्यास लोकांना सांगावे, हे त्यांना शक्य नव्हते. पराभव पत्करावा लागला तरी चालेल, पण मत वाया जाता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती.

निकाल लागला. अशोक मेहता विजयी झाले आणि बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पराभूत झाले. दोन वर्षांत त्यांना दुसऱ्यांदा लोकांचा नकार पाहावा लागला. शरीर साथ देत नव्हते. हाती घेतलेली कामे अपुरी होती आणि आपण गेल्यावर आपल्या लोकांचे काय होईल, ही चिंता त्यांना दिवसरात्र जाळीत होती. अनेकदा ते खिन्न असत. थोर पुरुषांनाही असे दिवस येतात. त्यांची खिन्नता खोटी नव्हती आणि ती एका दिवसात नाहीशीही झाली नाही.

परंतु त्याच वर्षी त्यांची पावले एका निराळ्या दिशेने वळलेली दिसतात. १९५४ मध्ये ते दोन वेळा ब्रह्मदेशाला गेले. दुसऱ्या वेळी, डिसेंबरात, रंगून येथे जागतिक बौद्ध परिषदेत ते सहभागी झाले. तेथून परतल्यावर पुण्याजवळील देहूरोड येथे त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. १९५५ साली त्यांनी भारतीय बौद्ध महासभेची स्थापना केली. दिल्लीच्या अलीपूर रोडवरील निवासस्थानी बुद्धाचे जीवन व त्याची शिकवण यांवरील ग्रंथाचे काम चालू होते. सामान्य माणसाला बुद्धाचा उपदेश एकाच पुस्तकात सापडावा, हा त्यामागील हेतू होता. दुखऱ्या पायांनी चालणे कठीण झाले, तरी लेखणी थांबली नाही. त्यांचे लेखनिक नानकचंद रत्तू रात्री उशिरापर्यंत त्यांच्याजवळ बसून टंकलेखन करीत. तरुणपणी भेट मिळालेल्या त्या चरित्राने दाखविलेली वाट आता त्यांना पुन्हा स्पष्ट दिसू लागली होती. या वाटेवर जाण्यासाठी कोणाच्या मताची गरज नव्हती. लोकांकडून काही मागावयाचे नव्हते. उलट त्यांना काही द्यावयाचे होते.

धम्मदीक्षेसाठी बाबासाहेबांनी नागपूरची निवड केली. प्राचीन काळी या भागातील नाग लोकांनी बौद्ध धर्माचा प्रसार केला होता, असे कारण त्यांनी दिले. १९५६ सालची विजयादशमी १४ ऑक्टोबर रोजी होती, आणि बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाल्याचा सोहळाही त्याच वर्षी साजरा होत होता. आदल्या दिवसांपासूनच खेड्यापाड्यांतून माणसांचे लोंढे नागपूरकडे निघाले. कोणी आगगाडीने आले, कोणी बैलगाडीने, तर कित्येक जण शिदोरी बांधून पायीच आले. शुभ्र वस्त्रे नेसलेल्या लाखो स्त्री-पुरुषांनी मैदान फुलून गेले. हातात काठी घेतलेले, थकलेले बाबासाहेब मंचावर आले. कुशीनाराचे वयोवृद्ध भिक्षू महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी पत्नी सविताबाईंसह त्रिशरण व पंचशील ग्रहण केले. नंतर त्यांनी स्वतः त्या अफाट जनसमुदायाला दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा उच्चारावयास लावल्या. जुन्या बंधनातून सुटल्याचा आनंद त्यांनी त्या दिवशी मोकळेपणाने बोलून दाखविला. आयुष्यभर ज्यांनी अपमान सोसला, त्या माणसांच्या चेहऱ्यांवरही तोच आनंद पसरला होता.

दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबर रोजी, चांदा येथेही दीक्षेचा मोठा समारंभ झाला. नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि परतताना त्यांनी बुद्धाच्या जीवनाशी निगडित पवित्र स्थळांचे दर्शन घेतले. दिल्लीला परतल्यावर ५ डिसेंबरच्या रात्री ते आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेवरून अखेरचा हात फिरवीत होते. त्याच रात्री झोपेत त्यांचे निर्वाण झाले. ६ डिसेंबर १९५६ ची सकाळ देशाला ही दुःखद वार्ता देऊन गेली. त्यांचा ग्रंथ पुढील वर्षी, १९५७ साली, प्रकाशित झाला.

भंडाऱ्याच्या पराभवापासून मृत्यूपर्यंत बाबासाहेबांना अवघी अडीच वर्षे मिळाली. एवढ्या अल्पकाळात व्याधिग्रस्त देहाने त्यांनी केलेले कार्य आजही जिवंत आहे. निवडणुकीत त्यांना यश देऊ न शकलेल्या या जिल्ह्यातही बुद्धपौर्णिमेला गावोगावच्या विहारांतून वंदनेचे सूर ऐकू येतात. हाती घेतलेले एक काम फसले, म्हणजे आयुष्याचे प्रयोजनच संपले, असे माणसाला वाटू लागते. अशा वेळी आपण पूर्वी कशावर मनापासून प्रेम केले होते, ते आठवावे आणि त्यातील जे इतरांच्या उपयोगी पडेल, त्याला हात घालावा. बाबासाहेबांनी नेमके हेच केले. भंडाऱ्यात ते हरले, पण मताची प्रतिष्ठा त्यांनी हरू दिली नाही. आणि त्या प्रामाणिकपणाच्या बळावरच ते खिन्नतेतून उठून पुन्हा कामाला लागले.