टोपरं, टाके आणि रमाबाई

डिसेंबरात भल्या पहाटे गाडी काढून ताम्हिणीला गेलायत कधी? पौड मागे पडतं, मुळशीचं पाणी दिसायला लागतं आणि कान असे गारठतात की बॅगेतली लोकरीची टोपी शोधावीच लागते. हल्ली जाडजूड, उभ्या रेघांच्या ब्रिओश विणीच्या टोप्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर दिसतात. एक टाका विणायचा, पुढचा न विणता त्यावर धागा घेऊन उचलायचा आणि पुढच्या ओळीत तो टाका आणि धागा एकत्र विणायचे. वीण दुपदरी झाल्यासारखी होते, आत हवा अडकते आणि ऊब टिकते. शिवाय ती छान ताणली जाते. बाळाचं टोपरं असो की बाबांची टोपी, वीण तीच, टाके तेवढे कमी-जास्त.

कुणी असं विणत बसलं की आपण म्हणतो, मस्त टाइमपास आहे! पण शंभरेक वर्षांपूर्वी याच पुण्यात कित्येक बायकांसाठी सुई-धागा म्हणजे स्वतःच्या कमाईची पहिली संधी होती. ती मिळवून देण्यासाठी झटलेल्या रमाबाई रानडे तुम्हाला ‘उंच माझा झोका’ मालिकेमुळे ठाऊक असतील. पण मालिकेतली छोटी रमा पुढे काय करून गेली, हे माहीत आहे?

त्यांचा जन्म १८६२ चा, सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावचा. माहेरचं आडनाव कुर्लेकर. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा ३१ वर्षांचा, विधुर आणि मोठा विद्वान: न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. लग्न झालं तेव्हा रमाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. नवऱ्याने शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांनी छळायला. टोमणे, अबोला सगळं झालं. मुलींच्या हायस्कुलाची मागणी करण्यासाठी पुण्यात सभा भरली, तेव्हा गव्हर्नरांसमोर रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचलं. बाहेर कौतुक झालं, घरी आल्यावर बोलणी बसली. तुम्ही स्टेजवर बोलून घरी आलात आणि कुणी तोंड फिरवलं, तर कसं वाटेल? त्यांनी उलट उत्तर दिलं नाही, पण शिकणंही सोडलं नाही.

१९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. विधवेने कोपऱ्यात बसावं, अशी तेव्हाची रीत. रमाबाई काही काळ घरातच राहिल्या. मग बाहेर पडल्या, येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं, तेही त्यांच्याच वाड्यात. गोपाळ कृष्ण देवधर मदतीला होते.

तिथे कोण यायचं? नवरा गेलेल्या, दुसऱ्यांच्या घरात राबून दोन घास मिळवणाऱ्या, हातात एक पैसाही नसलेल्या बायका. अक्षरओळखीबरोबर शिवण, भरतकाम, विणकाम असं हातकाम शिकवलं जाई. हा विचार किती व्यवहारी होता बघा. विधवेने पुस्तक घेतलं की घर बिथरायचं, सुई घेतली तर तेवढं नाही. सुईने चार पैसे आले की तिच्या शब्दाला घरात वजन यायचं. कुणी पुढे शिक्षिका झाल्या, कुणी नर्स. नर्सचं काम तेव्हा घरंदाज बायकांना कमीपणाचं मानलं जायचं, तरी रमाबाई मागे हटल्या नाहीत.

मुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, बायकांना मताचा हक्क द्या, यासाठीही त्या उतारवयात रस्त्यावर आल्या. १९२४ मध्ये त्या गेल्या. १९६२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल तिकीट निघालं. सेवासदन मात्र त्यांच्या मागेही चालू राहिलं.

तेव्हा पुढच्या वेळी वर्गातली एखादी मैत्रीण स्वतः विणलेल्या टोप्या विकून फीचे पैसे जमवताना दिसली, तर लगेच घासाघीस करू नका. एका टोपीत किती संध्याकाळी गेल्या, ते आधी तिला विचारा. मग तिने सांगितलेले पैसे द्या आणि टोपी घालून खुशाल ताम्हिणी गाठा!