चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर

कोल्हापूर हे जसे मल्लविद्येचे व संगीताचे माहेरघर, तसेच ते चित्रकलेचेही. तेथील राजाश्रयाने अनेक गुणी कलावंत पुढे आले. याच नगरात महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे बालपण गेले. त्यांचा जन्म 18 मार्च 1867 रोजी झाला. लहानपणापासून त्यांना चित्रे काढण्याचा छंद होता. शाळेच्या पुस्तकापेक्षा समोरून जाणाऱ्या माणसाची ठेवण, पागोट्याची बांधणी, बैलाच्या मानेचा बाक यांकडेच त्यांचे लक्ष अधिक वेधत असे.

त्या काळी मुलाने चित्रकार व्हावे असे फारच थोड्या आईबापांस वाटे. शिकल्यासवरल्या घरातील मुलाने कचेरीत नोकरी धरावी किंवा वकिली करावी, ही सर्वांची अपेक्षा. चित्रे काढून पोट भरत नाही, असा लोकांचा समज होता आणि तो अगदीच निराधार होता असेही नाही. तथापि कोल्हापूरच्याच आबालाल रहिमान यांनी मुंबईच्या कलाशाळेत शिक्षण घेऊन नाव मिळविले होते. ती वाट धुरंधरांना खुणावीत होती. अखेर 1890 सालच्या आरंभी ते मुंबईस आले आणि सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते.

या कलाशाळेची हकीकत जाणून घेण्यासारखी आहे. मुंबईचे दानशूर गृहस्थ सर जमशेटजी जीजीभाई यांनी 1853 साली अशा शाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले आणि 1857 साली शाळा सुरू झाली. आरंभी या देशातील कारागिरांना रेखाटन शिकवून त्यांचे हस्तव्यवसाय सुधारावेत, हा तिचा मुख्य हेतू होता. पुढे तेथे चित्रकला व शिल्पकला यांचे पद्धतशीर शिक्षण मिळू लागले. धुरंधर आले त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स हे शाळेचे प्रमुख होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आपल्या विद्यार्थ्यांकरवी अनेक वर्षे खपून करविणारे ते हेच ग्रिफिथ्स. विद्यार्थ्यांचे गुण ओळखण्याची दृष्टी त्यांच्याजवळ होती.

शाळेतील शिक्षणाची रीत युरोपातील कलाशाळांसारखी होती. नव्या विद्यार्थ्याच्या हाती एकदम रंग व कुंचला येत नसे. प्रथम त्याने सरळ व वक्र रेषा काढाव्यात. मग घन, शंकू, गोल अशा वस्तू समोर ठेवून त्यांचे रेखाटन करावे. गोलावर प्रकाश कोठे पडतो, छाया कोठे गडद होते आणि तिच्या कडेला पुन्हा अंधुक उजेड कसा येतो, हे त्याने नीट पाहावे. दिसायला ही गोष्ट साधी. परंतु जो गोलाची छाया बरोबर टिपू शकत नाही, त्याला मनुष्याच्या गालाची गोलाई कधीच साधत नाही.

यानंतर पुतळ्यांची पाळी येई. ग्रीक व रोमन शिल्पांच्या प्लॅस्टरमध्ये ओतलेल्या प्रतिकृती शाळेत मांडलेल्या असत. पुतळा हलत नाही, दमत नाही व त्याचा रंगही पांढरा असतो. त्यामुळे केवळ आकार व छायाप्रकाश यांचा अभ्यास करण्यास तो फार सोयीचा. विद्यार्थी ठराविक अंतरावर बसे. हात ताठ धरून पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत माप घेई. मस्तकाच्या उंचीशी सर्व शरीराची उंची ताडून पाही. ओळंबा धरून खांदा, कंबर व पाऊल एका रेषेत येतात की नाही हे तपासी. एकेका चित्रावर दिवसचे दिवस जात. रेषा चुकली की पुसावयाची व पुन्हा काढावयाची. हे झाल्यावर जिवंत माणूस समोर बसवून त्याचे मुख रेखाटावयाचे आणि हाताला वळण लागल्यावर मग जलरंग व तैलरंग हाती घ्यावयाचे, असा हा क्रम होता.

शिल्पवर्गात हीच शिस्त निराळ्या रूपाने पाळली जाई. प्रथम लोखंडी सळईचा सांगाडा उभा करून त्यावर ओल्या मातीने आकृती घडवावयाची. माती सुकून तडकू नये म्हणून तिच्यावर ओले फडके घालावयाचे. आकृती पुरी झाली की तिच्यावरून प्लॅस्टरचा साचा काढून त्यात पुतळा ओतावयाचा. गणपतराव म्हात्रे हे धुरंधरांच्याच काळातील या शाळेचे विद्यार्थी. पूजेसाठी देवळाकडे निघालेल्या मराठी तरुणीचा त्यांचा प्लॅस्टरचा पुतळा ‘मंदिरपथगामिनी’ या नावाने प्रसिद्ध झाला. ग्रीक पुतळे पाहून शिकलेल्या हाताने नऊवारी लुगड्याच्या चुण्या किती जिवंत उमटू शकतात, हे त्या पुतळ्याने सर्वांना दाखविले.

धुरंधरांनीही हाच मार्ग धरला. शाळेत जे शिकावे ते आपल्या लोकांच्या जीवनावर लावून पाहावे, असा त्यांचा परिपाठ होता. 1892 साली मुंबईच्या आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांनी एक चित्र मांडले. त्याचा विषय ना ग्रीक देवतेचा होता, ना राजदरबाराचा. तो होता घरातील रोजच्या कामाचा. त्या चित्रास पारितोषिक मिळाले. पुढे 1895 साली याच संस्थेचे सुवर्णपदक त्यांना लाभले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय चित्रकार होत. आजवर युरोपीय चित्रकारांकडे जाणारे पदक एका मराठी तरुणाने पटकावले, याचा अनेकांना अभिमान वाटला.

1896 साली ते याच शाळेत शिक्षक झाले. तो काळ मोठा कठीण होता. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. लोक घरेदारे सोडून पळू लागले. या साथीने धुरंधरांच्या पहिल्या पत्नीचा बळी घेतला. या आघाताने त्यांचे मन खचले असेल. पण त्यांनी कुंचला खाली ठेवला नाही.

पुढील पस्तीस वर्षे ते शिकवीत राहिले. त्यांच्या अध्यापनाच्या काळात या शाळेतून सावळाराम हळदणकरांसारखे चित्रकार व विनायक पांडुरंग करमरकरांसारखे शिल्पकार बाहेर पडले. हळदणकरांनी तर पुढे मुंबईत स्वतःचा कलावर्ग काढला आणि हे शिक्षण आणखी पुष्कळांपर्यंत नेले. एका दिव्याने दुसरा दिवा लावावा, तसे हे चालले.

स्वतः धुरंधरांचा हात कधी रिकामा नसे. बाजारात, देवळाच्या पायऱ्यांवर, घाटावर, लग्नमंडपात, जेथे जावे तेथे ते माणसे न्याहाळीत व रेखाटीत. कोळीण टोपली डोक्यावर कशी तोलते, भटजी पळी कशी धरतात, पंगतीत वाढणारी बाई पदर कसा आवरते, हे सारे त्यांच्या कागदावर उतरले आहे. अशी हजारो रेखाटने त्यांनी केली. चित्रांनी सजलेल्या पुस्तकांचे व पोस्टकार्डांचे ते दिवस होते. धुरंधरांची चित्रे पोस्टकार्डांवर छापली गेली. 1914 साली निघालेल्या, किंकेड यांनी इंग्रजीत सांगितलेल्या दख्खनच्या व्रतकथांच्या पुस्तकास त्यांनी चित्रे काढली. भारतातील स्त्रियांविषयी रॉथफील्ड यांनी लिहिलेले पुस्तक 1920 साली प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रेही त्यांचीच. निरनिराळ्या प्रांतांतील स्त्रियांची वस्त्रे, दागिने व केशरचना त्यांत इतक्या बारकाईने आल्या आहेत की, शंभर वर्षांपूर्वीचे लोक कसे राहत हे जाणून घेण्यासाठी आजचे अभ्यासक त्यांच्या चित्रांकडे वळतात. इतिहास व पुराणे यांतील प्रसंगही त्यांनी मोठ्या आवडीने रंगविले. सातारा जिल्ह्यातील औंधच्या संग्रहालयात त्यांची चित्रे पाहावयास मिळतात.

धुरंधरांच्याच हयातीत या शिक्षणपद्धतीविषयी मोठा वाद उठला. ग्रीक पुतळ्यांच्या नकला करून भारतीय विद्यार्थी आपली परंपरा विसरतील, त्यांनी अजिंठ्याकडे व जुन्या लघुचित्रांकडे वळले पाहिजे, असे कलकत्त्याचे हॅवेल व अवनींद्रनाथ ठाकूर यांचे म्हणणे होते. या म्हणण्यात तथ्य होते. आपल्या देशाची चित्रकला फार पुरातन आहे आणि तिला स्वतःची भाषा आहे. परंतु डोळ्यांनी नीट पाहणे व हाताने अचूक उतरविणे हा गुण कोणा एका देशाचा नव्हे, हेही तितकेच खरे. धुरंधर या वादात फारसे शिरले नाहीत. परक्या देशातून आलेली रीत त्यांनी मनापासून आत्मसात केली आणि तिच्या साह्याने आपल्याच माणसांचे जीवन रंगविले.

1919 साली ग्लॅडस्टन सॉलोमन हे शाळेचे प्रमुख झाले. त्यांनी जिवंत माणसावरून रेखाटन करण्याचा वर्ग वाढविला आणि त्याबरोबर भारतीय विषयांवरील भित्तिचित्रांनाही उत्तेजन दिले. नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या भव्य इमारती उभ्या राहिल्या तेव्हा तेथील काही दालने सजविण्याचे काम मुंबईच्या कलाशाळेकडे आले. त्यांपैकी कायदामंत्र्यांच्या दालनासाठी धुरंधरांनी न्यायदानाचे प्रसंग रंगविले. 1927 साली सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

शाळा स्थापन झाली तेव्हापासून तिचे प्रमुखपद इंग्रज गृहस्थांकडेच होते. 1930 साली मात्र शाळेच्या संचालकपदाची सूत्रे काही काळ धुरंधरांच्या हाती आली. हा अधिकार सांभाळणारे ते पहिले भारतीय होत. ज्या शाळेत ते विद्यार्थी म्हणून समोरच्या पुतळ्याचे माप घेत बसले होते, त्याच शाळेचा कारभार चाळीस वर्षांनंतर त्यांनी चालविला. 1931 साली ते निवृत्त झाले. आपल्या या दीर्घ सेवेच्या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या ग्रंथात लिहून ठेवल्या. शाळेला मंदिर म्हणणाऱ्या या कलावंताची तिच्यावरील भक्ती त्या नावावरूनच ध्यानी येते.

मुलींनी घराबाहेर पडून चित्रकला शिकावी, ही गोष्ट त्या काळी लोकांच्या फारशी पचनी पडत नसे. धुरंधरांनी मात्र आपली कन्या अंबिका हिला स्वतः चित्रकला शिकविली व कलाशाळेत पाठविले. तिने तेथील पदविका संपादन केली आणि पुढे चित्रकार म्हणून नाव मिळविले. स्वतःला जे मिळाले ते लेकीलाही मिळावे, याबद्दल धुरंधरांच्या मनात किंतु नव्हता.

1 जून 1944 रोजी धुरंधरांचे निधन झाले. त्यानंतर कलेत अनेक नवे प्रवाह आले. कित्येक चित्रकारांनी जुनी शिस्त बाजूला सारून नव्या वाटा चोखाळल्या व त्यांतूनही उत्तम चित्रे निर्माण झाली. तरीही चित्रकलेच्या वर्गात विद्यार्थी आजही घन व गोल मांडून छायाप्रकाश शिकतात, पेन्सिल हातभर अंतरावर धरून माप घेतात आणि चुकलेली रेषा पुसून पुन्हा काढतात. प्रतिभा ही देणगी असेल. परंतु पाहण्याची सवय ही ज्याची त्यालाच लावून घ्यावी लागते. रोज थोडे पाहावे, रोज थोडे काढावे आणि जे आपल्या अंगणात आहे त्यास क्षुल्लक मानू नये, हाच धुरंधरांच्या जीवनाचा बोध आहे.