उशाशी बसणारीचा मान

रमाबाई रानडे म्हटलं, की आपल्यापैकी बहुतेकींच्या डोळ्यांसमोर पाटी-पेन्सिल घेऊन बसलेली छोटी रमाच येते. २०१२ साली ‘उंच माझा झोका’ ही मालिका सुरू झाली आणि ही रमा घरोघरी पोचली. अकरा वर्षांची नवरी, तिला रात्री दिव्यापाशी बसून शिकवणारा विद्वान नवरा आणि तिच्या शिकण्यावर धुसफुसणाऱ्या घरातल्या बायका, एवढं आपल्याला पाठ झालं. पण नवऱ्याच्या माघारी रमाबाई तेवीस वर्षं जगल्या. त्या तेवीस वर्षांत त्यांनी काय केलं, ते विचारलं तर आपण जरा अडखळतो. दवाखान्यात आजारी माणसाच्या उशाशी बसणाऱ्या बाईला मान मिळावा म्हणून पुण्यात त्यांनी जे काम केलं, त्याबद्दल आज सांगावंसं वाटतं. गंभीर आजाऱ्याला घेऊन पुण्याला जायची वेळ आपल्यावर कधी ना कधी येतेच, म्हणून तर जास्तच.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा, देवराष्ट्रे गावचा. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचं आडनाव कुर्लेकर. मुलींना अक्षरओळख करून देणं म्हणजे घरावर संकट ओढवून घेणं, असं मानणारा तो काळ. १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचं लग्न झालं. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे, पहिली पत्नी वारलेली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, म्हणून त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण या मुलीला शिकवायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. आधी मराठी, मग इंग्रजी. शिकणारी हुशार होती आणि चिकाटीचीही. दिवसा घरातल्या मोठ्या बायकांची बोलणी खायची आणि रात्री पुस्तक उघडायचं, असं किती तरी वर्षं चाललं.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. आपल्या रमाबाई तिथं जाऊ लागल्या. मुलींसाठी हायस्कूल हवं ही मागणी करायला पुण्यात सभा झाली, तेव्हा त्या गव्हर्नरसाहेबांसमोर इंग्रजीत बोलल्या. त्याबद्दल घरात त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, याची कल्पना सासुरवाशीण बाईलाच येईल! पण १८८४ मध्ये ते हायस्कूल निघालं. आज आपण त्याला हुजूरपागा म्हणतो.

१६ जानेवारी १९०१ ला माधवराव गेले. हृदयाच्या दुखण्यात त्यांची शुश्रूषा रमाबाईंनीच केली होती. आजारी माणसाच्या जवळ रात्र-रात्र बसणं म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. माझी खात्री आहे, की पुढे त्यांनी जे काम हाती घेतलं त्याची मुळं त्या दिवसांत असणार. मूलबाळ नव्हतं. मुंबईचं बिऱ्हाड मोडून त्या पुण्यात आल्या आणि वर्षभर जवळजवळ घराबाहेर पडल्याच नाहीत. एकोणचाळिसाव्या वर्षी वैधव्य आलं की बाईनं कोपऱ्यात बसून उरलेले दिवस मोजायचे, हीच तेव्हाची रीत.

पण रमाबाई त्या कोपऱ्यातून उठल्या. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन त्या बायकांना भेटू लागल्या, त्यांच्याशी बोलू लागल्या. ससून रुग्णालयात जाऊन आजाऱ्यांना फळं, फुलं, पुस्तकं देऊ लागल्या. डेव्हिड ससून या व्यापाऱ्याच्या देणगीतून १८६७ मध्ये उभं राहिलेलं हे रुग्णालय स्टेशनजवळ आजही तसंच भरलेलं असतं. चांगल्या घरातली बाई तिथं पाय ठेवते, हीच तेव्हा नवलाची गोष्ट होती. दवाखाना म्हणजे मरायला जायची जागा, असं लोक समजत. त्याआधी काहीच वर्षांपूर्वी प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुल्यांनी रोग्यांची सेवा करता करता स्वतःला प्लेग ओढवून घेतला होता आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या होत्या. आजाऱ्याला हात लावणं म्हणजे जिवाशी गाठ, हे पुण्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

२ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात सेवासदन सुरू झालं, तेही रमाबाईंच्या राहत्या वाड्यात. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचं, शिवण शिकवायचं, शिक्षिका तयार करायच्या आणि पायावर उभं करायचं, असा सगळा बेत. त्यात रमाबाईंनी आणखी एक गोष्ट घातली, ती म्हणजे परिचारिकेचं शिक्षण. ससूनमध्ये सेवासदनच्या बाया नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या.

आज आपल्याला यात काहीच वाटणार नाही, पण तेव्हाचा विचार करा. नर्स म्हणजे मडम, नाहीतर ख्रिस्ती बाई, असा पक्का समज. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या घरची बाई कुणाही जातीच्या माणसाचं अंग पुसणार, बेडपॅन उचलणार, रक्ताने भरलेल्या पट्ट्या बदलणार, परक्या पुरुष डॉक्टरांबरोबर काम करणार, रात्रपाळीला घराबाहेर राहणार! त्यातून यायला तयार झालेल्यांत विधवा होत्या. ज्यांचं तोंड पाहणं अपशकुन समजलं जाई त्याच बाया आता आजाऱ्याला औषध पाजणार होत्या. लोकांनी नावं ठेवली नसती तरच नवल.

सेवासदनच्या एका बक्षीस समारंभाची हकिकत सांगितली जाते. लाल अलवणातली, केशवपन केलेली एक विधवा बक्षीस घ्यायला पुढे आली, तर सभागृहातल्या शिकल्यासवरल्या तरुणांनी तिची हुर्यो उडवली. रमाबाई एरवी सौम्य बोलणाऱ्या, पण त्या दिवशी ताडकन उठल्या आणि त्यांनी त्या पोरांना असं फैलावर घेतलं की सभागृह चिडीचूप झालं. आपल्याच घरात अशी एखादी आई-बहीण बसलेली असेल आणि तिच्याकडे आपण असंच बघतो, याची त्यांनी त्या तरुणांना लाज आणून दिली.

आजाऱ्याची सेवा बायका पूर्वीपासून करतच आल्या आहेत. सासऱ्यांचं पक्षाघाताचं दुखणं काढणारी सून, पोराच्या तापात रात्र जागवणारी आई आपण घरोघरी पाहतो. त्याला कुणी काम म्हणत नाही, त्याचा पगार नाही आणि कुणी त्यातलं मतही विचारत नाही. रमाबाईंनी हे ओळखलं, की सेवेला माया लागते तसं शिक्षणही लागतं. नाडी कशी मोजायची, ताप कसा लिहून ठेवायचा, जखम चिघळतेय हे कशावरून समजायचं, हे शिकावं लागतं. आणि शिकलेल्या बाईला मोबदला व मान दोन्ही मिळाले पाहिजेत. पुढे सेवासदनची तीन वसतिगृहं झाली. त्यातलं एक वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींचं, तर एक शिकाऊ परिचारिकांचं. होणारी डॉक्टरीण आणि होणारी नर्स एकाच संस्थेच्या आसऱ्याला राहून शिकत होत्या. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता मैत्रिणींनो, शंभर वर्षं पुढे येऊ. मी गेली काही वर्षं बाहेरगावाहून पुण्याला येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना मदत करते. कुठं राहायचं, कुठले कागद लागतात, कुणाला भेटायचं, एवढंच. त्यामुळे आयसीयूच्या, म्हणजे अतिदक्षता विभागाच्या दारात माझा बराच वेळ जातो. तिथं सकाळी राउंड असतो. बाहेर बसलेल्यांना वाटतं, मोठे डॉक्टर आले, बघून गेले. पण चांगल्या ठिकाणी हा राउंड एकट्या डॉक्टरांचा नसतो. खाटेभोवती मोठे डॉक्टर, त्यांच्या हाताखालचे डॉक्टर, त्या रुग्णाची नर्स, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, कुठं कुठं औषधं तपासणारे फार्मासिस्टही उभे राहतात आणि एकेका गोष्टीवर बोलतात. पोटात अन्न जातंय ना? दुखतंय का? झोपेचं औषध कमी करता येईल का? खाटेची डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उचललेली आहे ना, म्हणजे पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाणार नाही? साखर किती? पाठीला जखम तर होत नाही ना? नळी आज काढता येईल का? गोष्टी साध्या असतात, पण दहा जणांच्या गडबडीत एखादी राहून जाते आणि तीच महागात पडते. म्हणून रोज, सगळ्यांनी मिळून, रुग्णापाशी उभं राहून ती यादी तपासायची.

या सगळ्यांत रुग्णाजवळ सर्वांत जास्त वेळ कोण असतं? नर्स. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स असावी, असा दंडक आहे. रात्री दोन वाजता ताप चढला, पहाटे लघवी कमी झाली, कूस बदलताना रुग्ण कण्हला, हे तिने पाहिलेलं असतं. मोठे डॉक्टर पाच-दहा मिनिटं थांबतात, ती आठ-आठ, बारा-बारा तास असते. तिने तोंड उघडलं नाही, किंवा तिला बोलू दिलं नाही, तर त्या राउंडला अर्थ काय?

मी पाहिलेली एक गोष्ट सांगते. एका तालुक्याच्या गावचे साठीचे गृहस्थ आयसीयूत होते. हाक मारली तरी ओ देत नव्हते. घरच्यांनी आशा सोडत आणली होती. त्यांच्या बायकोने भेटीच्या वेळी सिस्टरला सहज सांगितलं, की यांना डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही हो. सिस्टरने ते लक्षात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी राउंडला सांगितलं. मग उजव्या बाजूला जाऊन मोठ्यानं हाक मारली, हात दाबायला सांगितलं, आणि त्यांनी हात दाबला! ती बाई बाहेर येऊन भिंतीला टेकून रडली. बायकोने जे सांगितलं ते सिस्टरमुळे डॉक्टरांपर्यंत पोचलं. अशी साखळी कुठंही तुटू शकते. दुसऱ्या एका ठिकाणी सिस्टर काही सांगायला गेली, तर तिला मध्येच तोडून सगळे पुढच्या खाटेकडे गेलेलेही मी पाहिलं आहे. तिचा पडलेला चेहरा अजून आठवतो.

म्हणून आपल्याला करता येण्यासारख्या दोन-चार गोष्टी सांगते. आजाऱ्याला घेऊन निघताना त्याची चालू औषधं, कशाची ॲलर्जी आहे, आधीची दुखणी, चष्मा, कवळी, ऐकण्याची अडचण, हे सगळं एका कागदावर लिहून न्या आणि तो कागद सिस्टरच्या हाती द्या. घरातल्या एकाच माणसाने डॉक्टरांशी बोलायचं ठरवा, म्हणजे दहा जणांना दहा गोष्टी कळणार नाहीत. राउंड किती वाजता असतो आणि त्यानंतर आपल्याशी कोण बोलेल, ते विचारून ठेवा. ‘कसे आहेत?’ यापेक्षा ‘आज काय करायचं ठरलं?’ असं विचारा, उत्तर नीट मिळतं. आणि सिस्टरशी मोलकरणीसारखं बोलू नका. पैसे भरले म्हणजे माणूस विकत घेतला, असं होत नाही.

आणखी एक, जरा टोचणारं. मुलगी बारावी झाली आणि नर्सिंगला जाते म्हणाली, तर आजही आपल्याकडे आई-बापांचं तोंड उतरतं. रात्रपाळी कशी करणार, लग्न कसं जमणार, लोक काय म्हणतील? अगदी हेच प्रश्न सेवासदनच्या वेळी विचारले गेले होते. आपला माणूस आयसीयूत असला की आपल्याला हुशार, शिकलेली, धीट सिस्टर हवी असते. मग ती कुणाच्या घरातून येणार?

रमाबाईंचं काम तिथंच थांबलं नाही. मुलांबरोबर मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, म्हणून त्यांनी पुण्यात बायकांना घेऊन मोर्चा काढला. बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी झटल्या. उतारवयातही सेवासदनच्या बायांना घेऊन त्या आळंदीच्या यात्रेत सेवा करायला जात. १९२४ मध्ये त्या गेल्या, तेव्हा सेवासदनात हजाराहून जास्त मुली-बायका शिकत होत्या. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

ज्या बायांना शुभकार्यात पुढे येऊ देत नसत, त्यांना रमाबाईंनी आजाऱ्याच्या खाटेपाशी, डॉक्टरांच्या बरोबरीने उभं केलं. आज त्या खाटेपाशी उभ्या असलेल्या मुलीचं म्हणणं ऐकून घेणं आणि तिला तिथंवर पोचायला हात देणं, एवढं तर आपल्याला जमायला हवं.